कॅरिबियनमधले एकच बेट निवडायचे आहे: शांत समुद्र आणि स्थानिक खाणे, दोन्ही हवे

प्रश्न : मालवणी माहेर, दादर

नमस्कार. माझे यजमान आणि मी येत्या फेब्रुवारीत दहा दिवसांसाठी कॅरिबियनला जाण्याचे ठरवत आहोत. मुलीला भेटायला न्यूयॉर्कला जाणे होतेच, अमेरिकेचा व्हिसाही दोघांकडे आहे, त्यामुळे तिथूनच पुढे जायचा विचार आहे. मला पोहायला आवडते, पण आता उसळत्या लाटांत उतरायचे धाडस होत नाही. माझे माहेर मालवणचे, त्यामुळे ताजी मासळी मिळाली की मला दुसरे काही लागत नाही. यजमान मात्र पूर्ण शाकाहारी आहेत आणि गेल्या परदेश प्रवासात त्यांनी ब्रेड आणि फळांवर दिवस काढले, ते मला पुन्हा होऊ द्यायचे नाही. प्रवास कंपन्या सगळे जेवण एकाच रिसॉर्टमध्ये असलेली योजना सुचवतात. तिथल्या लोकांचे रोजचे जेवण त्यात मिळणार नसेल, तर एवढ्या लांब जाण्यात मला अर्थ वाटत नाही. बार्बाडोस, जमैका आणि टोबॅगो ही तीन नावे डोळ्यांसमोर आहेत. आपण काय सुचवाल?

उत्तर : पार्लेकर

ताई, केवळ समुद्राचा विचार केला तर मी निःशंकपणे बार्बाडोस सांगेन, मात्र कोणत्या किनाऱ्यावर राहायचे हे आधी ठरवा. बेटाचा पूर्व किनारा अटलांटिककडे तोंड करून आहे. तिथे बाथशीबाला प्रचंड लाटा आणि ओढ असते, जागा पाहण्यासारखी आहे, पण पोहण्यासारखी नाही. पश्चिमेकडचे पाणी मात्र बहुतेक दिवस संथ आणि नितळ असते, आणि राजधानी ब्रिजटाऊनला लागून असलेल्या कार्लाईल उपसागरात तर पोहताना शेजारून समुद्री कासवे जातात. २०११पासून सारगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ मोठ्या प्रमाणावर कॅरिबियनच्या किनाऱ्यांना लागू लागले आहे. त्याचा त्रासही मुख्यतः अटलांटिककडच्या बाजूला आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत अधिक होतो, म्हणून फेब्रुवारी आणि पश्चिम किनारा हा मेळ उत्तम आहे.

मासळीसाठी शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या कोळी वस्तीत जावे. तिथे उघड्यावर निखाऱ्यांवर माही-माही, मार्लिन आणि टूना भाजून देतात आणि सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी) व तळलेली केळी असतात. मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेले कूकू आणि त्यासोबत उडता मासा हे तिथले राष्ट्रीय जेवण आहे. आपले यजमान क्रिकेटप्रेमी असतील, तर २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान ब्रिजटाऊनमध्येच आहे. मात्र दोन गोष्टी स्पष्टपणे सांगतो: बार्बाडोस महाग आहे, कारण बरेचसे अन्नधान्य बाहेरून येते, आणि शाकाहारी माणसाची तिथे सोय होते, पण आवडीचे जेवण रोज मिळेलच असे नाही.

उत्तर : गोरेगावची वाटसरू

पार्लेकरांनी समुद्राविषयी लिहिलेले सर्व मला मान्य आहे. परंतु मूळ प्रश्नात यजमानांच्या जेवणाची काळजी आहे आणि त्या एका गोष्टीमुळे माझे मत त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या देशाच्या बाजूने जाते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज पहिल्या भारतीय गिरमिटिया मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले. पुढे आलेल्यांपैकी बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या भागांतले होते. त्यामुळे तिथला शाकाहार हा पर्यटकांसाठी मांडलेला नाही, तो लाखो लोकांच्या घरचा रोजचा आहे.

सकाळी रस्त्याच्या कडेला ‘डबल्स’ची गाडी लागते. हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या (त्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात) कागदावर पसरतात, त्यावर छोल्यांची पातळ भाजी, चिंचेची चटणी, किसलेली काकडी आणि लांब पानांच्या रानकोथिंबिरीची हिरवी चटणी घालतात, आणि कागद पिळून हातात देतात. विक्रेता तिखट किती हवे ते विचारतो. पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ असेच सांगावे, कारण तिथली मिरची आपल्या लवंगीलाही मागे टाकते. न्याहारीला सादा रोटी आणि भाजलेल्या वांग्याचा चोखा मिळतो. दक्षिणेकडे देबे या गावात ओळीने दुकाने आहेत. तिथली सहीना अळूच्या पानांची असते आणि आपल्याकडच्या अळूवडीची सवय असलेल्या माणसाला ती लगेच आपलीशी वाटते. यजमानांना एवढेच सांगून ठेवावे की कलालू ही पालेभाजी दिसायला शाकाहारी असली, तरी तिच्यात पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये.

त्रिनिदादमध्ये दोन-तीन दिवस खाण्यासाठी द्यावेत आणि उरलेले दिवस टोबॅगोला राहावे. त्रिनिदादमधल्या राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून विमानाने अर्ध्या तासाच्या आत टोबॅगो येते, आणि विमानतळावरून स्टोअर बेचा किनारा चालत गाठता येतो. त्या किनाऱ्यावर बायकांनी चालवलेल्या लहान स्वयंपाकघरांची रांग आहे, आणि ताई, तिथे तुमचे माहेरपण होईल: खेकड्याचा दाट रस्सा आणि त्यात बुडवलेले पिठाचे चपटे, उकडलेले डम्पलिंग हे टोबॅगोचे खास जेवण हातांनीच खायचे असते, नांगी फोडून आतला गर काढताना बोटे पिवळी होतात आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. टोबॅगोतल्याच पिजन पॉइंट किनाऱ्याचे पाणी शांत असते. बुकू प्रवाळाजवळ समुद्राच्या मधोमध नायलॉन पूल नावाचा वाळूचा उथळ भाग आहे. तिथे होडीतून उतरले की पाणी कमरेएवढेच लागते, त्यामुळे लाटांची भीती बाळगणाऱ्यांनाही भर समुद्रात उभे राहता येते.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नये. भारत सरकारच्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा ताप) यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवले जाऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होते, म्हणून हे काम निघायच्या आठवड्यावर ठेवू नये. साठीच्या पुढे असाल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. शिवाय गुन्हेगारीमुळे त्रिनिदादमध्ये डिसेंबर २०२४मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी परिस्थिती पाहावी, रात्री पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पायी फिरू नये आणि ओळखीची टॅक्सी ठरवावी.

उत्तर : मुलुंडचा खवय्या

ग्रेनडाचे नाव कुणी घेतले नाही म्हणून लिहितो. जायफळ त्या देशाच्या ध्वजावरही आहे, ग्रँड आन्सचा किनारा लांब आणि सौम्य आहे, आणि नीरफणस, नारळाचे दूध व हळद घालून शिजवलेला ऑइल डाउन कोकणातल्या माणसाला नक्की आवडेल. त्यात खारवलेले मांस असते, त्यामुळे शाकाहारी प्रकार आदल्या दिवशी सांगून करवून घ्यावा लागतो. जमैकाविषयी सांगायचे तर २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या मेलिसा चक्रीवादळाने त्या बेटाच्या पश्चिम भागाची मोठी हानी केली, म्हणून तिकडे जायचे असल्यास हॉटेलकडून सद्यःस्थिती लेखी मागवावी.

मालवणी माहेर

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना डबल्सचे वर्णन वाचून दाखवले आणि त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून नकाशा उघडला. आम्ही त्रिनिदाद आणि टोबॅगो नक्की करत आहोत. आता दोनच शंका आहेत: फेब्रुवारीतल्या कार्निव्हलमुळे (तिथल्या मिरवणुकांच्या उत्सवामुळे) अडचण होईल का, आणि शेवटचे दोन दिवस बार्बाडोसला द्यावेत का?

गोरेगावची वाटसरू

कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो आणि त्याची तारीख दरवर्षी बदलते. त्या आठवड्यात पोर्ट ऑफ स्पेनमध्ये खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दर फार चढलेले असतात. मिरवणूक पाहायची नसेल तर आधी तारखा पाहून त्यानंतरच्या आठवड्यात त्रिनिदादला उतरावे. मात्र लगेचच्या शनिवार-रविवारी तिथलेच पुष्कळ लोक विश्रांतीसाठी टोबॅगोला जातात, म्हणून तिथली खोली आणि बेटांमधले विमान लवकर नक्की करावे. बार्बाडोस या वेळी सोडून द्यावे असे मला वाटते. दोन दिवसांसाठी जायचे म्हटले तर सामान बांधणे, विमानतळ आणि पुन्हा इमिग्रेशनची रांग यांतच एक दिवस जातो. त्यापेक्षा ते दोन दिवस टोबॅगोच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कास्टारा गावात काढा. तिथल्या बायका मातीच्या भट्टीत पाव भाजतात. कोणत्या दिवशी भट्टी पेटते ते पोहोचल्यावर आधी विचारून घ्या, कारण तो पाव दुपारपर्यंत संपतो.