समूहगानाला माईक कमी लावा

३० मुलांसाठी ६ माईक, तरी आवाज पोचत नाही आणि शिट्टी वाजते? ती माईक वाढवल्यामुळेच. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टी न वाजता आवाज वाढवण्याची मर्यादा सुमारे ३ डेसिबलने घटते. दोन कंडेन्सर (वीज लागणारे संवेदनशील माईक) पुरतात. ते पहिल्या रांगेच्या ३ फूट पुढे, डोक्यांहून थोडे उंच ठेवून मागच्या रांगेच्या तोंडांकडे रोखा. दोन माईकांत किमान ९ फूट हवेत. जवळ आले तर एकच आवाज दोन्हींत मागेपुढे पोचतो आणि पोकळ वाटतो. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. हार्मोनियमला वेगळा माईक कशाला? ती तशीही मुलांवर चढतेच. कंडेन्सर मुके वाटले तर आधी मिक्सरवरची फॅंटम पॉवर (केबलमधून माईकला मिळणारी वीज) चालू आहे का बघा.