मदत हवी आहे: संबळाची चढती लय आणि ड्रम किट

आमच्या अल्बमचं पहिलं गाणं गोंधळाच्या अंगाने, सहा मात्रांत बांधलंय. आधी फक्त तुणतुणं आणि संबळ. ४५व्या सेकंदाला ड्रम, बेस, इलेक्ट्रिक गिटार एकदम येतात. संबळ क्लिकशिवाय (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीशिवाय) रेकॉर्ड केलाय, ९६ बीपीएमवरून (मिनिटाला ठोके) ११६ पर्यंत चढतो. ही चढण हवीच आहे, गोंधळाचा जीव तिच्यातच असतो.

एकाच टेंपोच्या क्लिकवर संबळ पुन्हा घेतला तर ठेक्यातला झोक गेला. रेकॉर्डिंग ताणून ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या मात्रांवर, बसवलं तर काठीचा आघात फाटतो. प्रत्येक मात्रेचा टेंपो मॅप केला, म्हणजे क्लिकची गती संबळाप्रमाणे बदलत ठेवली, तर क्लिक इतका हलतो की ड्रमर अडखळतो. दर चार आवर्तनांना टेंपोची एक खूण ठेवल्यावर बरंच जमलं, पण शेवटच्या चढणीत किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) संबळाच्या आधी पडते, कारण दोन खुणांमध्ये क्लिक सरासरी गतीने चालतो आणि संबळ चढत असतो.

खोली एकच, त्यामुळे एकत्र वाजवलं तर किट संबळाच्या माइकमध्ये शिरतं. संबळवादक हेडफोन लावत नाहीत.

शेवटच्या चढणीत दर आवर्तनाला खूण ठेवावी, की तिथे क्लिक बंद करून ड्रमरला फक्त संबळ ऐकवावा?