मदत हवी आहे: एसडीएसमध्ये पोटॅशियम क्लोराइड टाकलं की द्रावण पांढरं होतंय

नमस्कार मंडळी,

मुंबईत एमएस्सी करतेय. प्रोजेक्ट काउंटरआयनवर, म्हणजे साबणरेणूच्या विरुद्ध भाराच्या आयनवर आहे: एसडीएसच्या (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखा पदार्थ) द्रावणात लिथियम, सोडियम, पोटॅशियमची क्लोराइडं घालून कंडक्टिव्हिटी मोजायची आणि सीएमसी, म्हणजे मायसेल (त्याच्या रेणूंचे गोळके) बनायला लागतात ती संहती, काढायची. नुसत्या एसडीएसचा आलेख झकास येतो, ८ मिलीमोलरच्या जरा पुढे मोडतो. पुस्तकातही २५ अंशांना ८.२ च आहे.

पण पोटॅशियम घातलं की पांढरा, चकचकीत साका येतो. ढवळलं की बीकरमध्ये रेशमासारखा फिरतो. एसी बंद करूनही विरघळत नाही. मीठ प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेलं, एआर (प्रयोगशाळेच्या शुद्धतेच्या) ग्रेडचं. शिवाय कुठलंही मीठ जास्त झालं की आलेख सरळ रेघ, मोडच नाही. सर म्हणतात, लिटरेचर बघ. बघून झालंय, म्हणून तर इथे.

प्रतिसाद १
मीठ चांगलंच आहे, हा क्राफ्ट तापमानाचा खेळ. पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचं ते ३५ अंशांच्या आसपास. त्याखाली मायसेल न होता स्फटिकच पडतात. मुंबईचा उकाडाही तिथे कमी पडतो! जादा पोटॅशियमने ते आणखी चढतं, तेव्हा बाथ ४५ ला लावा. प्रोटीनवाले एसडीएस काढायला मुद्दाम पोटॅशियम घालतात, ते याच कारणाने.

प्रतिसाद २
सरळ रेघेचं कारण साधं: मिठाचेच आयन इतका प्रवाह वाहून नेतात की मायसेलचा मोड त्यात बुडतो. पृष्ठताण मोजा, नाहीतर पायरीन या चमकणाऱ्या रंगद्रव्याचा फ्लुरोसन्स.

कारण लिहिताना जलावरणावर भर द्या. लिथियम पाणी घट्ट धरून ठेवतो, म्हणून सल्फेटच्या डोक्यांपासून (रेणूच्या भारित टोकांपासून) लांब राहतो. पोटॅशियम जवळ जाऊन बसतो, डोक्यांमधलं प्रतिकर्षण घटतं आणि मायसेल कमी संहतीलाच जमतात. मात्र एसडीएसमध्ये लिथियम क्लोराइड घातलं तरी सोडियम आत आहेच, त्याला शुद्ध लिथियमचा निकाल म्हणू नका. त्यापेक्षा सीटॅब आणि सीटॅक (एकाच धनभारित साबणरेणूचे ब्रोमाइड आणि क्लोराइड) घ्या, मीठ न घालता. ब्रोमाइडची सीएमसी साधारण ०.९, क्लोराइडची १.३ मिलीमोलर. कंडक्टिव्हिटी मीटरही चालेल. फक्त सीटॅब थंड एसीत स्फटिक धरतो, ३० अंशांना मोजा.

धागाकर्ती
आभार दोघांचे! बाथ शेजारच्या लॅबमधून मागून आणते. पण पोटॅशियम ४५ ला मोजलं, तर लिथियम-सोडियमही परत मोजायचे?

प्रतिसाद १
हो, सगळे ४५ लाच. एसडीएसची सीएमसी २५ च्या आसपास सर्वांत कमी असते, पुढे हळूहळू वाढते.