मदत हवी आहे : शरीराच्या ठेवणीवरून भाकरी आणि तेलाचे प्रमाण ठरवावे का?

नमस्कार. आम्ही सोलापूरचे असून, घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी असते. माझा थोरला मुलगा काटकुळा आहे, तर धाकटा अंगाने भरलेला. व्यायामशाळेतील प्रशिक्षकांनी थोरल्याला ‘एक्टोमॉर्फ’ (सडपातळ बांध्याचा) ठरवून कर्बोदके वाढवण्यास आणि धाकट्याला ‘एंडोमॉर्फ’ (भरलेल्या, गोलसर बांध्याचा) म्हणून ती कमी करून स्निग्ध पदार्थ वाढवण्यास सांगितले आहे. तेव्हापासून धाकटा भाकरी बाजूला सारून, दह्यात कालवलेली चटणीच वाटीभर खातो. शेंगदाण्याचे जवळपास निम्मे वजन स्निग्धांशाचे असते आणि एक ग्रॅम कर्बोदकातून ४, तर एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ उष्मांक मिळतात, हे पाहता मला त्याची खरोखर काळजी वाटते.

माझ्या वाचनाप्रमाणे हे वर्गीकरण विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात शरीराची ठेवण आणि स्वभाव यांचा संबंध जोडण्यासाठी मांडले होते. आहाराशी त्याचा मूळ संबंध नव्हता. मग केवळ बांधा पाहून ताट ठरवणे योग्य आहे का, की कमरेचा घेर, रक्तातील साखर आणि दिवसभराचे श्रम पाहावेत? आहारशास्त्राच्या जाणकारांनी, विशेषतः ज्वारी खाणाऱ्या घरांचा अनुभव असलेल्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.