पाचशे घेणाऱ्याला शिव्या, पाच कोटी उधळणाऱ्याला हार

रानमळा :
सदाशिवपेठी यांनी परवा लिहिलं, "पाचशे रुपयांत मत विकणाऱ्यांनी नेत्यांच्या भ्रष्टाचारावर बोलू नये. जनता विकाऊ आहे म्हणून नेते खरेदी करतात." त्याला भराभर दाद मिळाली आणि माझं डोकं फिरलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

पैसा वरून खाली येतो. आमदारकीला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख, खासदारकीला ९५ लाख. पक्षाने किती उधळावेत याला मर्यादाच नाही. गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये मुंबईतल्या जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या लोकसभेला आठ कोटी लागले. तेव्हा मर्यादा २५ लाख होती. आयोगाची नोटीस गेली, खुलासा झाला, खासदारकी शाबूत राहिली. निदान ते खरं बोलले. बाकीचे निवडणूक यंत्रणेने ठरवून दिलेल्या दरपत्रकातला चहा आणि त्यातलीच जीप दाखवून हिशेब जुळवतात.

हे कोट्यवधी येतात कुठून? रस्त्याच्या ठेक्यातून, वाळूतून, जमिनीवरचं आरक्षण उठवण्यातून. त्याच्याही वर पक्षांना देणगी द्यायचे निवडणूक रोखे होते. २०१८ पासून सहा वर्षं कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळू नये अशी कायद्यानेच सोय केली होती. कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही अटही काढून टाकली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रोखे रद्द केले. स्टेट बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली, ती कोर्टाने नाकारली. यादी बाहेर आली तेव्हा सगळ्यात वर लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, १,३६८ कोटींची खरेदी. ते पैसे कोणत्या मतदाराने मागितले होते?

आता तुमची पाचशेची नोट. माझ्या चुलतीकडे चार मतं आहेत. मतदानाच्या आदल्या रात्री मतदार यादीचं फाडलेलं पान घेऊन शेजारचाच पोरगा आला. नावांपुढे पेन्सिलीने टिंबं केलेली होती. "काकू, चारच ना? सुरतवाला येणारे का?" एवढंच विचारलं आणि उंबऱ्यावर दोन हजार ठेवून गेला. नाही म्हटलं असतं तर सकाळी गावभर झालं असतं की ही दुसऱ्या पार्टीची. पाण्याचा टँकर कोणाच्या दारात आधी थांबतो हे तिला माहीत आहे. तिने पैसे घेतले, कृषी सेवा केंद्राची उधारी थोडी भागवली आणि मत तिला द्यायचं त्यालाच दिलं. तिला तुम्ही विकाऊ म्हणता?

सदाशिवपेठी :
हो, म्हणतो. काकूंचा अपमान करायचा नाही, पण दोन हजार घेतले म्हणजे घेतले.

वरचे लुटतात याबद्दल वाद नाहीच. पण उमराण्यात काय झालं ते सोयीस्कर विसरलात. देवळा तालुका, नाशिक जिल्हा. ग्रामपंचायतीच्या जागांचा गावानेच लिलाव केला, बोली दोन कोटी पाच लाखांची. नंदुरबारमध्ये खोंडामळीत ४२ लाख. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला दोन्हीकडची निवडणूक रद्द करावी लागली. तिथे कुठला रोखा होता, कुठली लॉटरी कंपनी होती? लोकशाही चौकात बोलीला काढली ती तुमच्या भोळ्या मतदारानेच. माझ्या आजोबांनी गोवामुक्तीत लाठ्या खाल्ल्या. आमच्या घरात मत ही देवघरातली गोष्ट आहे. तुम्हाला राग आला तरी चालेल.

खानदेशी :
सदाशिवपेठी, खोंडामळी आमच्याकडचं आहे, म्हणून बोलतो. लिलाव चूक होता, आयोगाने रद्द केला ते योग्यच केलं. पण तो पैसा देवळासाठी होता आणि बोली सगळ्यांसमोर झाली. एरवी हेच पैसे धाब्यावर, दारूत आणि पाकिटात जातात, वर भावकीत डोकी फुटतात ती वेगळी. निवडणूक म्हटली की लोकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून बिनविरोधची हौस. पुण्यात बसून हे कळणार नाही.

ठाणेकर_निशा :
पुण्यात बसूनही कळायला हवं. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत महापालिका निवडणुकीआधी विषयच निघाला की कोणत्या इच्छुकाकडून काय करून घ्यायचं. एकाकडून पेव्हर ब्लॉक, दुसऱ्याकडून सीसीटीव्ही, तिसऱ्याने गच्चीचं वॉटरप्रूफिंग कबूल केलं. सभेत इंजिनियर, डॉक्टर, बँकेतले निवृत्त अधिकारी, सगळे होते. मी विरोध केला तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, घरटी वर्गणी काढायची का मग?" लगेच सगळे गप्प. त्या गच्चीचा खर्च सव्वाशे घरांत वाटा, काकूंच्या दोन हजारांपेक्षा जास्तच निघेल. पण इथे कोणी कोणाला विकाऊ म्हणत नाही, कारण पैसे पाकिटात आले नाहीत.

सदाशिवपेठी :
निशाताई, सोसायटीचं काम सार्वजनिक असतं. त्याची नोटेशी तुलना नको.

ठाणेकर_निशा :
कुंपणाच्या आतली गच्ची सार्वजनिक? झोपडपट्टीतल्या बाईला त्या गच्चीवर पापड वाळत घालू द्याल का?

दुबईकर :
मूळ रोग लाडकी बहीण. २०२४ च्या बजेटमध्ये घोषणा, ऑगस्टमध्ये पहिला हप्ता, २० नोव्हेंबरला मतदान. तेव्हाचा अंदाज वर्षाला ४६ हजार कोटींचा, तेही सरकारी तिजोरीतून. हे मत विकत घेणं नाही तर काय?

ठाणेकर_निशा :
आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी त्या पंधराशेतून मुलीची क्लासची फी भरली. योजना निवडणुकीवर डोळा ठेवून आणली, हे मान्य. पण उद्योगांना सवलत दिली की ते धोरण आणि बाईच्या खात्यात पैसे आले की लाच, हा हिशेब मला पटत नाही.

काळाकोट :
कायद्यापुरतं बोलतो. जाहीरनाम्यातलं आश्वासन ही लाच नाही, हे सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या फुकट टीव्हीच्या प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं. पाकीट मात्र लाचच, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. त्यामुळे रानमळा, तुमच्या चुलतीबद्दल कितीही वाईट वाटलं तरी कायदा सदाशिवपेठींच्या बाजूने आहे.

आणि गरिबी हे कारण असेल तर शिक्षक मतदारसंघाचं काय? विधान परिषदेच्या सात जागा शिक्षकांच्या. मतदार कोण, तर पगारदार, पदवीधर, बी.एड. झालेले. २०२४ ला नाशिक शिक्षक मतदारसंघात नथी आणि कपडे वाटल्याच्या बातम्या आल्याच ना? ज्यांनी नागरिकशास्त्र शिकवायचं त्यांना पैठणी लागते. त्यांच्यापुढे टँकरचा प्रश्न नव्हता.

मास्तरीणबाई :
काळाकोट, शब्द जपून वापरा. मी एकवीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवते. मला कोणी नथ दिली नाही आणि दिली असती तर तोंडावर फेकली असती. चार जणांनी घेतली म्हणून सगळ्या शिक्षकांना रांगेत उभं करायचं? कोर्टाच्या आवारात काय काय चालतं ते आम्ही कधी काढतो का?

काळाकोट :
काढा की. पण जे वाटलं गेलं ते चार जणांसाठी नव्हतं हे तुम्हालाही माहीत आहे.

मास्तरीणबाई :
मग ऐका. शिक्षक कसा घडतो ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या धाकट्या भावाला एका खासगी अनुदानित संस्थेत लागायचं होतं. संस्थेच्या सचिवांनी देणगी म्हणून आकडा सांगितला, त्यात आमची दोन एकर गेली. पावती नाही. पुढे वैयक्तिक मान्यतेसाठी, म्हणजे नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी मिळावी म्हणून फाईल गेली, तिथे वेगळे. ज्याच्याशिवाय सरकारी पगार निघत नाही त्या शालार्थ आयडीसाठी परत वेगळे. दोन वर्षं बिनपगारी शिकवलं त्याने. संस्थाचालक कोण, तर माजी आमदार. निवडणुकीच्या वेळी त्याच संस्थेच्या शिक्षकांनी बूथवर बसायचं, गाड्या भरायच्या, वर प्रत्येकी एक महिन्याचा पगार "स्वेच्छेने" द्यायचा. आता सांगा, ह्या माणसाच्या हातात कोणी पाकीट ठेवलं तर तो लाच घेतोय की स्वतःचेच पैसे सुट्ट्या नोटांत परत घेतोय?

खानदेशी :
मॅडम, एकदम बरोबर. आमच्या भाच्याला पस्तीस लाख सांगितले. त्याने नाद सोडला आणि आता तो शेवग्याची शेती करतो.

झेडपीचा_गुरुजी :
आम्हा प्राथमिकवाल्यांना तर शिक्षक मतदारसंघात मतच नाही. पहिली ते चौथी शिकवणारा शिक्षक नसतो बहुतेक. मात्र निवडणुकीचं काम, बीएलओची म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळायची ड्युटी, घरोघर यादी पडताळणं, हे सगळं आमच्याच गळ्यात. गेल्या वेळी मतदान केंद्रावर रात्री दोनपर्यंत होतो, मानधनासाठी तीन महिने हेलपाटे घातले.

सदाशिवपेठी :
विषय कुठून कुठे गेला! शिक्षकभरतीसाठी सरकारचं पवित्र पोर्टल आलं ना आता? मग देणगीचं रडगाणं कशाला?

मास्तरीणबाई :
पोर्टलवर खासगी संस्थांसाठी "मुलाखतीसह" असा पर्याय ठेवलाय. एका जागेला अनेक उमेदवार मुलाखतीला पाठवतात आणि शेवटची निवड संस्था करते. त्या खोलीत काय ठरतं ते सांगायला हवं का? नागपूरला २०२५ मध्ये बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं, अधिकाऱ्यांना अटक झाली. पोर्टल होतं तरीही. ज्याला रडगाणं वाटतं त्याने एकदा दोन एकर विकून बघावी.

सदाशिवपेठी :
ठीक आहे, रडगाणं हा शब्द मागे घेतो. पण तुमच्या भावाने ती देणगी दिलीच ना? नाही म्हणाला असता तर?

मास्तरीणबाई :
तर पुढच्याने दिली असती, आणि भाऊ आज वॉचमन असता. तुमच्या घरात मत देवघरात आहे, चांगलं आहे. आमच्या घरात देवघराची भिंतच त्या दोन एकरांबरोबर गेली.

रानमळा :
मास्तरीणबाईंनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला. संस्था, कारखाना, दूधसंघ, बँक, पतसंस्था, सगळीकडे तोच माणूस. नोकरी त्याच्याकडून, कर्ज त्याच्याकडून, उसाची तोड त्याच्या चिठ्ठीवर. निवडणुकीच्या रात्रीचं पाकीट त्यातला सगळ्यात छोटा व्यवहार आहे. आपण त्यावरच भांडतो, कारण तेवढंच डोळ्यांना दिसतं.

काळाकोट, कायद्याने घेणाराही दोषी, ते मी नाकारत नाही. मग पकडता का दोघांना? विधानसभेला मी निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार टाकली होती. भरारी पथक आलं, वेळेत आलं, हे मुद्दाम सांगतो. तोवर वाटणारे पसार. पथकाने पंचनामा केला, त्यात एक प्लास्टिकची पिशवी आणि यादीची दोन पानं. पुढे काही नाही.

काळाकोट :
वाटताना रंगेहाथ पकडणं अवघड, हे मान्य. म्हणून कागदावर पकडावं लागतं. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि तो कोणालाही बघता येतो, नाममात्र शुल्क भरून नक्कलही मिळते. लोक मागतच नाहीत. तुमच्या मतदारसंघातल्या पहिल्या दोघांचे हिशेब काढा. मंडप किती चौरस फूट दाखवलाय, जेवणाची ताटं किती, गाड्या किती, ते सभेच्या फोटोंशी ताडून बघा. आणि आमदार-खासदारांनी सभागृहात पैसे घेऊन मत दिलं तर त्यांना संरक्षण होतं, तेही ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींनी काढून घेतलं. २६ वर्षं लागली, पण काढलं. कायदा अगदीच मेलेला नाही.

खानदेशी :
वकीलसाहेब, हिशेब काढून करायचं काय? त्यात खोटं सापडलं तर हायकोर्टात निवडणूक याचिका, तीही निकालापासून ४५ दिवसांत. तुमची फी कोण भरणार?

काळाकोट :
मुदत बरोबर सांगितलीत. फीचं म्हणाल तर आधी कागद आणा, मी बघून देतो. पैसे नकोत.

सदाशिवपेठी :
हे मला जमण्यासारखं आहे. माझ्या मतदारसंघातल्या तिघांचे हिशेब मी मागवतो. पण रानमळा, पैसे घेणं चूक आहे यावर मी ठाम आहे. तुमच्या गावात "आम्ही घेत नाही" अशी पाटी दारावर लावायला चार घरं तरी तयार होतील का?

रानमळा :
चार होतील. पाचव्या घरातला मुलगा संस्थेत लागलेला आहे. त्याला मी विचारणारसुद्धा नाही.

मास्तरीणबाई :
विचारू नकाच. त्याची मान्यता अजून यायची असेल.