वूल्स्टनचा कारखाना आणि स्पिटफायरचे उत्पादन

दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४० मधील जर्मन बॉम्बहल्ल्यांनी इंग्लंडमधील साउथॅम्प्टनजवळचा, सुपरमरीन या विमान कंपनीचा वूल्स्टन कारखाना निकामी झाला आणि स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे उत्पादन थांबले, असे म्हटले जाते. या विधानाचा पूर्वार्ध बरोबर असला तरी उत्तरार्ध मला पटत नाही. २४ सप्टेंबरच्या हल्ल्यात बहुतेक बॉम्ब कारखान्यावर न पडता आसपास पडले. पण निवाऱ्यांकडे धावणारे आणि निवाऱ्यांत पोहोचलेले कामगार त्यांत मारले गेले, आणि कारखान्याचा इतिहास सांगताना ही माणसे विसरली जातात याचे मला फार वाईट वाटते. २६ तारखेला इमारती उद्ध्वस्त झाल्या. मात्र बरीच यंत्रे आणि विमानाचे भाग जुळवण्याचे साचे दुरुस्त करून वापरण्याजोगे राहिले होते. विमान उत्पादनमंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी काम विखुरण्याचा आदेश दिला. त्यानुसार साउथॅम्प्टन, सॉल्झबरी, ट्रोब्रिज, रेडिंग अशा गावांतील मोटार गॅरेज, बस आगार, इतकेच काय, कपडे धुण्याच्या लॉन्ड्र्याही ताब्यात घेऊन तिथे पंख आणि सांगाडे तयार होऊ लागले, तर आरेखन विभाग हर्सली पार्क येथील वाड्यात गेला. शिवाय बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच कारखान्यातून जून १९४० पासूनच स्पिटफायर बाहेर पडू लागली होती.