बेरामध्ये (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी टेस्ट) फक्त पहिली वेव्ह आलीये, बाळाला ऐकू येत नाही का?

चिंतातुर_आई:
मुलगा ७ महिन्यांचा, डोळे सतत हलतात, मान अजून धरत नाही. ओएई (आतल्या कानाची टेस्ट) दोन्ही कानांना पास, पण बेरात वेव्ह १ सोडून पुढचं काहीच नाही. टेस्ट घेणारे म्हणाले ऐकण्याचा प्रॉब्लेम दिसतोय. पण दार आपटलं की दचकतो, मी गुणगुणले की शांत होतो! न्यूरोवाले ल्युकोडिस्ट्रॉफीचा (मेंदूतल्या नसांचं आवरण बिघडण्याचा जनुकीय आजार) संशय आहे म्हणाले. मग खरं काय धरू?

कानतपासनीस:
मी ऑडिओलॉजीत आहे. ओएई पास म्हणजे आतला कान काम करतोय. बेरात पहिली वेव्ह कानाच्या नसेची, पुढच्या ब्रेनस्टेमच्या, पाचवी पार मिडब्रेनजवळची. नसांवरचं मायलिन, म्हणजे आवरण, नसेल तर सिग्नल मागेपुढे पोचतात आणि मशीन तर शेकडो-हजारो क्लिक्सची सरासरी काढतं, त्यात असे विस्कटलेले सिग्नल पुसले जातात. म्हणजे वेव्ह दिसली नाही म्हणून आवाज पोचलाच नाही असं नसतं. पेलिझियस-मर्झबाकरमध्ये (ल्युकोडिस्ट्रॉफीचाच एक प्रकार) अगदी असाच ग्राफ येतो, डोळे हलणंही त्यातच बसतं. ऑडिटरी न्यूरोपथीत (आतला कान ठीक, पण नसेकडे सिग्नल नीट जात नाही) बऱ्याचदा पहिलीसुद्धा धड येत नाही. एवढ्यावरून हिअरिंग एडची घाई नको, आवाजाला तो कसा रिस्पॉन्स देतो ते नीट तपासून घ्या.

रात्रपाळीचा_बाबा:
ताई, आमच्या लेकीचं डोळ्यांचं असंच झालेलं. ईआरजी (डोळ्याच्या पडद्याची टेस्ट) नॉर्मल, व्हीईपी (डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या रस्त्याची टेस्ट) जवळपास सपाट, आम्ही चष्म्याच्या आशेवर होतो आणि निघालं टे-सॅक्स, मेंदूचा जनुकीय आजार. पडदा चांगला, मागचा रस्ता खराब. एक करा, झोपेचं औषध दिलं होतं का ते रिपोर्टवर लिहून घ्या, बेराला त्याने फारसा फरक पडत नाही पण ईईजी (मेंदूच्या लहरींची टेस्ट) आणि व्हीईपीला पडतो. आम्हाला त्यापायी ईईजी परत करावा लागला, पोराला पुन्हा उपाशी-जागं ठेवा, सगळा वैताग.

जीन्सवाली:
एमआरआय झाला असेल तरी एवढ्या लहान वयात मायलिन मुळातच अर्धवट असतं, त्यामुळे काही महिन्यांनी परत सांगतील, घाबरू नका. जीन टेस्टच्या वेळी मात्र पीएलपी-१ (मायलिनचं प्रोटीन बनवणारा जीन) चं डुप्लिकेशन बघणार का हे स्पष्ट विचारा. पेलिझियस-मर्झबाकरमध्ये बहुतेकदा त्या जीनची जादा कॉपी असते, साध्या सिक्वेन्सिंगमध्ये ती सुटू शकते, एमएलपीएमध्ये (जीनच्या कॉपी मोजणारी टेस्ट) सापडते. एक्स क्रोमोझोमवरचा जीन आहे, म्हणून मुलांनाच जास्त होतो. तुमच्या माहेरी कुणा मुलाला असं काही होतं का, तेही सांगा डॉक्टरांना.

चिंतातुर_आई:
रिपोर्ट परत काढला, औषधाचा उल्लेखच नाही, आणि सिरप तर मीच पाजलं होतं! उद्या फोन करते. माझ्या मामाचा एक मुलगा लहानपणीच गेला, कशाने ते घरात कुणी बोलत नाही, आज आईला विचारतेच. आणि दार आपटून बघणं बंद करते, बिचारा रडतो.